आतली बातमी

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की टाइम ऑफिसच्या शेजारी काचेच्या दारांचा एक नोटीस बोर्ड असतो. त्यावर एक कागद टाचलेला असतो: 'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, व्यवस्थापनाच्या विचाराधीन असलेल्या पाळी-वेळापत्रकातील सुधारणेस सक्षम प्राधिकाऱ्यांनी मान्यता दिली असून सदर सुधारणा येत्या १ तारखेपासून अमलात येईल. तरी याची नोंद घ्यावी.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. पहिल्या पाळीला आलेला माणूस डबा काखेत धरून हा कागद वाचतो आणि शेजारच्याला विचारतो, "म्हणजे काय रे?" शेजारच्यालाही माहीत नसतं. तो सुपरवायझरला विचारतो. सुपरवायझर म्हणतो, "वरून आलंय." दुपारच्या जेवणापर्यंत कँटीनमध्ये बातमी पक्की झालेली असते: रात्रपाळी बंद होणार आणि पन्नास माणसं कमी करणार.

आता हाच कागद वर्तमानपत्रात दहा वर्षं उपसंपादकी केलेल्या माणसाच्या हातात द्या. तो आधी लिहायला बसणार नाही, फोन उचलेल. काय बदलतंय, कधीपासून, कोणासाठी, का? पर्सोनेल खात्यातला माणूस सांगेल की सकाळच्या लोकलची वेळ बदलली आहे, त्यामुळे पहिल्या पाळीची निम्मी माणसं रोज उशिरा पोचतात, म्हणून पाळ्या अर्ध्या तासाने पुढे ढकलल्या आहेत. मग नवा मजकूर तयार होईल: '१ तारखेपासून तिन्ही पाळ्या अर्धा तास उशिरा सुरू होतील आणि अर्धा तास उशिरा सुटतील. लोकलची वेळ बदलल्यामुळे हा बदल केला आहे. कामाचे तास तेवढेच राहतील. कोणतीही पाळी बंद होणार नाही. कंपनीच्या बसही अर्धा तास उशिरा निघतील. कोणाला अडचण असेल तर २५ तारखेपर्यंत टाइम ऑफिसात सांगा.'

या मजकुरातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य म्हणजे 'कोणतीही पाळी बंद होणार नाही'. ते लिहायला व्यवस्थापनाने सांगितलं नव्हतं. पण वाचकाच्या मनात पहिली शंका कोणती येईल हे बातमीदाराला न सांगता कळतं, कारण आयुष्यभर त्याने तेच काम केलेलं असतं. मोठमोठ्या कंपन्या, बँका, महामंडळं, रुग्णालयं आणि विद्यापीठं आपल्याच माणसांशी बोलण्यासाठी पत्रकारांना नोकरीवर ठेवतात ते या जाणिवेसाठी. या कामाला हल्ली 'अंतर्गत संवाद' म्हणतात. पूर्वी त्याचा मुख्य भाग म्हणजे गृहपत्रिका, संस्थेने आपल्या माणसांसाठी काढलेलं नियतकालिक. आज तिच्याबरोबर ईमेल, मोबाइल ॲप, कँटीनमधले टीव्हीचे पडदे आणि व्हिडिओ आले आहेत.

पण रात्रपाळी खरोखरच बंद होणार असेल तर? पन्नास माणसं खरोखरच कमी होणार असतील, आणि संपादकाला ते दोन महिने आधी ठाऊक असेल, तर त्याने काय छापायचं? या पेशाची खरी कसोटी इथे लागते, आणि ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी १८२० च्या दशकात लॉवेल नावाचं गिरणगाव उभं राहिलं. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या कापडगिरण्या आणि त्यांत मागांवर उभ्या राहणाऱ्या न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या लेकी. त्या कंपनीच्या वसतिगृहांत राहत, दिवसाचे बारा-तेरा तास काम करत आणि रात्री पुस्तकं वाचत. एबल थॉमस नावाच्या धर्मगुरूने चालवलेल्या मंडळात त्या आपलं लिखाण एकमेकींना वाचून दाखवू लागल्या आणि त्यातून १८४० च्या ऑक्टोबरात 'लॉवेल ऑफरिंग' हे मासिक निघालं. त्यातला मजकूर गिरणीतल्या मुलींचाच होता. दोन वर्षांनी संपादनही हॅरिएट फार्ली आणि हॅरियट कर्टिस या दोघींकडे आलं. त्याही गिरणीतच राबलेल्या होत्या. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स लॉवेल पाहायला आला तेव्हा त्याने या मासिकाची चारशे पानं बरोबर नेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांची मनापासून तारीफ केली. कष्टकरी मुली इतकं चांगलं लिहू शकतात याचं त्या काळच्या सुशिक्षितांना फार अप्रूप होतं.

कागदोपत्री 'ऑफरिंग' गिरणीमालकांचं नव्हतं, पण त्यांचा त्याला वरदहस्त होता. गिरणीची कीर्ती वाढवणारं मासिक कोणाला नको असतं? त्यात कविता होत्या, गावाकडच्या आठवणी होत्या, निसर्गवर्णनं होती. मजुरी, खाणावळीचा दर आणि कामाचे तास यांना मात्र जवळपास जागा नव्हती. या गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, अशी संपादकीय भूमिकाच होती. फार्ली लबाड नव्हती. गिरणीत काम करणारी मुलगी बुद्धीने कोणाहून कमी नाही हे जगाला दाखवायचं तिने मनावर घेतलं होतं, आणि ते तिने करून दाखवलं. पण त्याच काळात गिरणीत एकेका मुलीकडे जास्त माग दिले जात होते, यंत्रांचा वेग वाढवला जात होता आणि दहा तासांच्या दिवसाची मागणी जोर धरत होती. मागावरची मुलगी मासिक उघडायची तेव्हा तिला त्यात स्वतःचा दिवस सापडत नव्हता.

सारा बॅग्ली ही 'ऑफरिंग'च्या पहिल्या वर्षातली लेखिका. गिरणीतल्या जीवनाच्या चांगल्या बाजूंवर तिने त्यात लिहिलं होतं. पुढे ती दहा तासांच्या चळवळीची पुढारी झाली. ४ जुलै १८४५ रोजी वोबर्न गावच्या सभेत तिने उघड आरोप केला की, गिरणीच्या कारभारावर टीका करणारे तिचे लेख 'ऑफरिंग'ने नाकारले आणि हे मासिक मालकांचं मुखपत्र झालं आहे. फार्लीने तो नाकारला, आणि दोघींचा वाद वर्तमानपत्रांतून रंगला. या वादात फार्लीच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याची गरज मला वाटत नाही. लेख आला नाही की आला आणि परत गेला, याने फारसा फरक पडत नाही. जिथे पगार आणि तास यांवर लिहायचं नाही असं आधीच ठरलेलं आहे, तिथे शहाणा लेखक लेख पाठवतच नाही. गृहपत्रिकेतली सेन्सॉरशिप बहुतेक वेळा अशीच असते: कोणी लाल रेघ मारत नाही, कारण मारण्याजोगं काही टेबलावर येतच नाही.

'ऑफरिंग' त्याच वर्षाअखेर बंद पडलं. मुली वाचायला लागल्या होत्या 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री', चळवळीचं साप्ताहिक. त्याच्या संपादनातही बॅग्लीने काही काळ भाग घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ साल उजाडलं.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. इथे गिरणी कामगाराला पहिला आवाज मिळाला तो बाहेरच्या पत्रातून. 'दीनबंधु' हे सत्यशोधक विचारांचं पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलं होतं. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतलं. लोखंड्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. आतलं जग त्यांना तोंडपाठ होतं आणि पत्र मात्र त्यांच्या स्वतःच्या हातात होतं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आतली बातमी जेव्हा आत छापता येत नाही तेव्हा ती बाहेर छापली जाते. संस्थेला बदनामीची भीती वाटत असेल तर तिने या क्रमाचा विचार करायला हवा.

मराठीतली सगळ्यांत मोठी गृहपत्रिका मात्र एका माळरानावर जन्माला आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर हा तिथला मुख्य माल, आणि लोखंडाने जमीन नासते असं मानणारा शेतकरी हा त्याचा गिऱ्हाईक. नुसती जाहिरात इथे पुरणार नव्हती. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. परदेशातल्या कंपन्या आपली नियतकालिकं काढतात हे पाहून त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्यातल्या घडामोडी, मालाची माहिती, विक्रेते आणि गिऱ्हाईक यांच्याशी गप्पा, असा तिचा मूळ घाट होता. नावातच 'खबर' होती, आणि शंकररावांनी ते नाव मनावर घेतलं. लेख वाचकाला रुचतील असे, चित्रं नेटकी, छपाई स्वच्छ, विषय नांगरापुरते न राहता उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा यांकडे पसरलेले. विसाच्या दशकाच्या अखेरीस नावातली 'खबर' गळली आणि 'किर्लोस्कर' मासिक राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, पुढे 'मनोहर' आलं. विज्ञाननिष्ठेवरचे सावरकरांचे निबंध तिसाच्या दशकात 'किर्लोस्कर'मधून महाराष्ट्रभर पोचले आणि त्यांच्यावर घरोघर वाद झाले. नांगराच्या खपासाठी निघालेल्या पत्रिकेने मराठी मध्यमवर्गाला वाद घालायला विषय पुरवले, हे जगाच्या गृहपत्रिकांच्या इतिहासातही विरळा उदाहरण आहे.

हे घडलं कशामुळे? शंकरराव मालकांच्या घरातले होते हे एक कारण उघडच आहे. त्यांना प्रूफ कोणाकडे मंजुरीला पाठवावं लागत नव्हतं. पण तेवढ्याने भागत नाही. मालकांच्या घरातल्या कितीतरी मुलांनी वडिलांचे फोटो छापणारी मासिकं काढली असतील आणि ती रद्दीत गेली असतील. शंकररावांनी पहिल्यापासून वाचकाला गिऱ्हाईक म्हणून नव्हे, वाचक म्हणून वागवलं. कंपनीला काय सांगायचं आहे यापेक्षा वाचकाला काय हवं आहे याचा ते आधी विचार करत. मात्र 'खबर'चं 'किर्लोस्कर' झालं तेव्हा ते मासिक साऱ्या महाराष्ट्राचं झालं, आणि कारखान्याच्या आतल्या संवादाचं काम ते मासिक करणार नव्हतं हेही तितकंच खरं. ते काम वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड.

भारतात त्या कामाची परंपरा लष्करात सगळ्यांत सलग दिसते. २ जानेवारी १९०९ रोजी अलाहाबादहून 'फौजी अखबार' निघू लागला. १९५४ मध्ये त्याचं नाव 'सैनिक समाचार' झालं, आणि तो मराठीसह तेरा भाषांत निघत आला. सीमेवरच्या चौकीत बसलेल्या साताऱ्याच्या जवानाला स्वतःच्या भाषेत आपल्या दलाची बातमी मिळते, ही साधी गोष्ट नाही. स्वातंत्र्यानंतर कारखाने आणि बँका वाढल्या तशा गृहपत्रिका वाढल्या, आणि १९५० च्या दशकात त्यांच्या संपादकांनी मुंबईत आपली संघटनाही उभी केली.

पण लष्करातल्या पत्रकारितेची कसोटी पाहायची तर अमेरिकी सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'कडे वळावं लागतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ८ फेब्रुवारी १९१८ रोजी त्याचा अंक निघाला. संपादनात साधा शिपाई असलेला हॅरल्ड रॉस होता, ज्याने पुढे १९२५ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिक काढलं. वर्दीतले पत्रकार वर्दीतल्या वाचकांसाठी लिहीत होते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या एप्रिलमध्ये हे पत्र लंडनहून पुन्हा सुरू झालं आणि सैन्य जिकडे गेलं तिकडे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. त्यात 'बी बॅग' नावाचं पत्रांचं सदर होतं. शिपायांनी तिथे आपल्या तक्रारी ओकाव्यात अशीच त्याची योजना होती, आणि शिपायांनी ती मनसोक्त वापरली. वरिष्ठांबद्दलची तक्रार वरिष्ठांच्याच पत्रात, युद्ध चालू असताना, छापून येत होती.

बिल मॉल्डिन हा त्याच पत्राचा व्यंगचित्रकार. तो पंचेचाळिसाव्या डिव्हिजनच्या छोट्या पत्रातून इथे आला. विली आणि ज्यो हे त्याचे दोन शिपाई: दाढीचे खुंट वाढलेले, चिखलाने माखलेले, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं. एका चित्रात दोन अधिकारी आल्प्सचं विहंगम दृश्य पाहतायत आणि एक दुसऱ्याला विचारतोय की शिपायांसाठी असं वेगळं दृश्य आहे का. हे चित्र पाहून खंदकातला माणूस हसत असेल, कारण अधिकाऱ्यांचा वेगळा मेस, वेगळा क्लब आणि वेगळी दारू तो रोज पाहत होता. जनरल पॅटनला मात्र हसू आलं नाही. शिपायाची दाढी झालेली असली पाहिजे, गळ्यात टाय असला पाहिजे, या मताचा तो सेनापती. मॉल्डिनची चित्रं शिस्त बिघडवतात असं त्याचं ठाम म्हणणं होतं, आणि आपल्या थर्ड आर्मीत हे पत्र येऊ देणार नाही अशी धमकी त्याने दिली. १९४५ च्या मार्चमध्ये मॉल्डिनला लक्झेंबर्गमध्ये त्याच्यापुढे उभं करण्यात आलं. तेवीस वर्षांचा सार्जंट आणि पिस्तुलांच्या गोष्टी ज्याच्याबद्दल सांगितल्या जात असा जनरल. पॅटन बराच वेळ बोलला, मॉल्डिनने थोडक्यात आपली बाजू मांडली, आणि कोणीही कोणाचं ऐकलं नाही. पॅटनच्याही वर आयझेनहॉवर होता. पत्राच्या कामात सेनापतींनी हात घालू नये अशी त्याची भूमिका होती, आणि चित्रं चालू राहिली. त्याच वर्षी मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मला या प्रसंगात आयझेनहॉवर जास्त महत्त्वाचा वाटतो. मॉल्डिनसारखी तिखट नजरेची माणसं प्रत्येक संस्थेत असतात. एखाद्या पाळीत, एखाद्या शाखेत, एखाद्या वॉर्डात ती बसलेली असतात. त्यांचं चित्र छापून येतं की डब्याच्या कागदावर राहतं हे सगळ्यांत वरच्या खुर्चीतला माणूस ठरवतो. लाखो माणसांना मरणाच्या तोंडी पाठवणाऱ्या सेनापतीला शिपायाची कुरकुर छापलेली परवडली, तर कँटीनमधल्या डाळीबद्दलचं पत्र एखाद्या कंपनीला का परवडू नये? पुढे शांततेच्या काळात या पत्रावर दबाव येतोच आहे असं दिसल्यावर अमेरिकी काँग्रेसने त्याच्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमायला लावला. चांगल्या सेनापतीच्या मर्जीवर विसंबून राहता येत नाही, लेखी संरक्षण लागतं, हे त्यांना कळलं.

ब्रिटनच्या बीबीसीतही असंच एक पत्र होतं. १९३६ मध्ये सुरू झालेलं 'एरियल' हे कर्मचाऱ्यांसाठीचं पत्र, २०११ च्या डिसेंबरपर्यंत छापील रूपात निघत राहिलं. हजारो पत्रकार जिथे नोकरी करतात तिथे गुळगुळीत गृहपत्रिका कोण वाचणार? त्यामुळे 'एरियल'च्या पत्रांच्या पानावर साहेबांना खडे प्रश्न विचारले जात, आणि बाहेरची वर्तमानपत्रंही त्या पानावर नजर ठेवून असत.

आतली बातमी आत न छापल्याची किंमत नेहमी बदनामीपुरती राहत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरमध्ये फॉस्जिन वायूच्या गळतीत एक कामगार दगावला. कामगार संघटनांनी धोक्याचे फलक लावले. १९८२ च्या मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी येऊन कारखान्याची पाहणी केली आणि सुरक्षेतल्या त्रुटींचा अहवाल दिला. म्हणजे धोका कामगारांना माहीत होता, साहेबांना माहीत होता, समुद्रापलीकडच्या मुख्य कार्यालयालाही माहीत होता. ही माहिती लोकांपर्यंत आणायचा प्रयत्न केला तो राजकुमार केसवानी या भोपाळच्या तरुण पत्रकाराने. आतल्या माणसांकडून कागदपत्रं मिळवून १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकात त्याने लागोपाठ इशारे छापले, आणि १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतला मिथाइल आयसोसायनेट बाहेर सुटला आणि हजारो माणसं गेली.

कारखान्यात गृहपत्रिका असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. टाक्या दुरुस्त करायला पैसा आणि इच्छा लागते, छापील पान पुरत नाही. पण जिथे ऑपरेटरचा 'काल व्हॉल्व्ह गळत होता' हा दोन ओळींचा मजकूर नावासकट छापला जातो आणि त्याखाली प्रमुख अभियंत्याचं उत्तर तारखेसह येतं, तिथे अहवाल कपाटात ठेवणं अवघड होतं. चांगल्या कारखान्यांत आज 'थोडक्यात टळलेल्या अपघातां'ची नोंद करायला कामगाराला उत्तेजन देतात. त्या नोंदी सुरक्षा खात्याच्या फायलीत राहू न देता त्यांची बातमी करणं, हे मी या पेशातलं सर्वांत उपयोगी काम मानतो.

वर्तमानपत्रातून इकडे आलेल्या माणसाला काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली म्हणजे इथला वाचक विषयात त्याच्याहून तरबेज असतो. बॉयलरबद्दल चुकीचं लिहिलं तर बॉयलरवाला दुसऱ्या दिवशी फोन करतो. दुसरी, इथे 'लहान' बातमी नसते. सेवानिवृत्तीचा फोटो आणि गुणवंत पाल्यांच्या सत्काराची यादी ही पानं नव्या संपादकाला नकोशी वाटतात. पण बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस आपला तो एकमेव छापील फोटो फ्रेम करून भिंतीवर लावतो, आणि त्याच्या आडनावात चूक झाली तर ती चूक त्याच्या घरात कायमची टांगली जाते. नावं दोनदा तपासा, हा इथला पहिला नियम असायला हवा.

तिसरी गोष्ट कायद्याची. कंपनीचे शेअर बाजारात असतील तर एखादा कारखाना बंद होणं, मोठी ऑर्डर मिळणं, विलीनीकरण होणं या बातम्यांनी भाव हलतात. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अशी माहिती जाहीर होण्याआधी वाटता येत नाही. ज्याला ती ठाऊक आहे त्याला शेअरचा व्यवहारही करता येत नाही. म्हणजे संपादकाला कित्येक आठवडे तोंड मिटून बसावं लागतं. हे बंधन रास्त आहे. पण त्याच्या आडोशाला बसून कंपन्या एक वाईट सवय लावून घेतात: बाजाराला सकाळी कळवायचं आणि कामगाराला संध्याकाळच्या टीव्हीवर कळू द्यायचं. एक्स्चेंजकडे कागद गेला त्याच मिनिटाला तीच माहिती प्रत्येक पाळीच्या माणसाच्या हातात पडली पाहिजे, आणि त्याची तयारी आधी करून ठेवणं ही संपादकाची जबाबदारी आहे. नोकरी जाण्यापेक्षाही ती गेल्याचं शेजाऱ्याकडून कळणं माणसाला जास्त जिव्हारी लागतं.

मग रात्रपाळी बंद होणार असेल तेव्हा काय छापायचं? माझं उत्तर स्पष्ट आहे. जे ठरलं आहे ते छापायचं: किती माणसं, कोणत्या तारखेपासून, ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाईचा हिशेब कसा, दुसऱ्या खात्यात जागा आहेत का, दाद कोणाकडे मागायची. जे ठरलेलं नाही ते 'ठरलेलं नाही' असं छापायचं, आणि कधी ठरेल ती तारीख द्यायची. यातलं काही छापायला परवानगी नसेल तर त्या जागी संचालकांचं 'आपण सारे एक कुटुंब आहोत' छापू नये, ती जागा कोरी ठेवावी. वर्षभर गोड बोलणाऱ्या पत्रिकेने वाईट दिवशीही गोड बोललं तर त्यानंतर तिच्यातली खरी बातमीही कोणी मानत नाही. आणि आजचा कामगार थांबून राहत नाही. खात्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप साहेबांसकट असतो, दुसरा साहेबांना वगळून. खरी चर्चा दुसऱ्यात चालते. तिथे जायचा हट्ट संपादकाने धरू नये. तिथले प्रश्न उद्याच्या अंकात उत्तरांसह दिसतील इतकी व्यवस्था केली तरी पुष्कळ.

यासाठी संपादकाला काही हक्क मिळाले पाहिजेत, आणि ते तोंडी नकोत. मजकूर मंजुरीला एकाच माणसाकडे जावा. त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं, नाही दिलं तर मजकूर छापला जावा. वस्तुस्थितीची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला असावा, पण वाचकाचा प्रश्न काढून टाकण्याचा नसावा. संपादकाला थेट सर्वोच्च अधिकाऱ्याकडे जाता यावं. कारण मधल्या साहेबांनाच बहुतेक वेळा पत्रं नकोशी असतात. वरच्या माणसाला ती पुष्कळदा हवी असतात. खाली काय चाललंय हे त्याला कोणीच सांगत नसतं.

एखाद्या तरुण पत्रकाराला अशी नोकरी चालून आली तर त्याने ती कमी दर्जाची मानू नये. शहरातल्या वर्तमानपत्राच्या वाचकापेक्षा इथला वाचक त्याच्यावर जास्त अवलंबून आहे. त्याच्या पगाराची, पाळीची, जिवाची बातमी त्याला दुसरं कोणी देणार नाही. पण मुलाखतीला जाल तेव्हा पगाराचं बोलायच्या आधी गेल्या दोन वर्षांचे अंक मागून घ्या आणि वाचकांच्या पत्रांचं पान उघडा. तिथे एक तरी अवघड प्रश्न असेल आणि त्याखाली सहीनिशी उत्तर असेल, तर नोकरी बिनधास्त घ्या. ते पान नसेलच, तर पहिल्या अंकापासून ते सुरू करायचं वचन लेखी घ्या, आणि मगच सही करा.